आबांना न मिळालेलं मत

जालिंदर आबा निवडून आले की दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या घरी चहाला यायचे, आणि चहा पिऊन झाला की माझी आई त्यांना तोंडावर सांगायची, "यंदा बी म्या तुमाला मत दिलं न्हाय." ते सरपंच झाले तेव्हा तिनं सांगितलं, आमदार झाले तेव्हा सांगितलं. खासदार झाले तेव्हा अंगणात वीसेक माणसं हार घेऊन उभी होती, त्यांच्यादेखत सांगितलं. आणि आबा दर वेळी कप खाली ठेवून एकच विचारायचे, "काय चुकलं, आक्का?"

आबा गेले त्याला आता वर्ष होत आलं. भूमच्या एस.टी. स्टँडसमोर त्यांचा मोठा बॅनर लागलाय. वर हात जोडलेले आबा आणि खाली यादी: ग्रामपंचायत सदस्य, सरपंच, पंचायत समिती सदस्य, जिल्हा परिषद सदस्य, आमदार, खासदार. बाजाराला आलेली माणसं मान वर करून वाचतात आणि पुढं जातात. माझा फोटो स्टुडिओ बॅनरच्या बरोबर समोर. ती यादी मला दिवसातून शंभरदा दिसते आणि शंभरदा माझा जीव खालीवर होतो. यादीत खोटं काही नाही हो. पण पहिली ओळ आणि शेवटची ओळ गाळलीय. पहिल्या निवडणुकीत आबा एका मतानं पडले होते आणि शेवटच्या निवडणुकीत सपाटून. त्या दोन ओळी नसतील तर आबा कुणाला काय कळणार? म्हणून हे लिहायला बसलो. मी काही लिहिणारा माणूस नाही, फोटो काढणारा आहे. सांभाळून घ्या.

बॅनरवरचा फोटो मीच काढलेला. निवडणूक कुठलीही असो, अर्ज भरायच्या आधी पत्रकावर छापायचा फोटो काढायला आबा माझ्याकडंच यायचे. पुढं पक्षाची माणसं धाराशिवहून चांगला फोटोग्राफर पाठवतो म्हणायची, पण आबा ऐकतील तर शपथ. बुटका, काळासावळा माणूस, कान थोडे बाहेर आलेले, अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट आणि खांद्यावर टॉवेल. चालणं असं की बरोबरच्यांना धाप लागावी. स्टुडिओत आले की आरशासमोर उभं राहून केसांना पाणी लावायचे, खुर्चीत ताठ बसायचे आणि डोळे असे वटारायचे की मला हसू आवरत नसे.

"आबा, जरा सैल सोडा की डोळे."

"सोडतो, आन पडतो! तू फोटू काढ."

त्याला कारण होतं. पहिल्या निवडणुकीच्या वेळी मी धंद्यात नवखा. फ्लॅश उडाला आणि आबांचे डोळे मिटले. दुसरा फोटो काढायला पाहिजे होता, पण मीच म्हणालो, चालतंय, झोपल्यासारखं नाही दिसत. पत्रकं छापली, आबा एका मतानं पडले, आणि तेव्हापासून खापर माझ्या फ्लॅशवर. "तुझ्या मिटल्या डोळ्यांनी पाडलं मला," असं ते आमदार झाल्यावरही चारचौघांत सांगायचे आणि मांडीवर थाप मारून हसायचे.

खरं कारण त्यांना माहीत होतं. ते एक मत माझ्या आईचं होतं.

ती गोष्ट अशी. आमचं घर गावाच्या खालच्या अंगाला, बुद्धवाड्यात. वडील मी लहान असतानाच गेले, आईनं लोकांच्या रानात खुरपून मला मोठं केलं. आबांचं घर वरच्या आळीला, पाच-पन्नास एकर जमीन. तिशीतला तापट गडी, ग्रामपंचायतीला उभा राहिला. त्या वेळी रिवाज असा की उमेदवार आमच्या वस्तीत यायचाच नाही. वस्तीतल्या एका जाणत्याला चावडीवर बोलवायचं, दोन गोष्टी बोलायच्या, आणि त्यानं मान हलवली की सगळ्या वस्तीची मतं आली असं समजायचं. आबांनीही तेच केलं. धर्माबाप्पांनी मान हलवली. आबा निश्चिंत.

भूमच्या कचेरीत मोजणी झाली आणि आबा एका मतानं मागं. त्यांनी परत मोजायला लावली, पुन्हा एकच. गावात परत येईपर्यंत त्यांच्या डोक्यात एकच विचार, दगा दिला कुणी? दुसऱ्या दिवशी सकाळी सकाळी तरातरा आमच्या वस्तीत आले. आयुष्यात पहिल्यांदा! विहारासमोर उभं राहून ओरडले, "कोण फुटलं रं? समोर या!"

माझी आई दारात जोंधळे पाखडत बसली होती. सूप खाली न ठेवता म्हणाली, "म्या न्हाय दिलं."

"तू? सोजरा, तू? आन ते का?"

"मागितलं कवा तुमी?"

"धर्माबाप्पाला इचारलं न्हवं चावडीवर!"

"मग धर्माबाप्पाचं मत मिळालंच की तुमाला. माझं मत काय चावडीवर ठिवलंय व्हय? ते माझ्यापाशी हाय. माझ्या दारात कोण आलं मागायला?"

मी दाराच्या आत उभा होतो. आता हा माणूस काय करील! वरच्या आळीच्या माणसाला आमच्या वस्तीतल्या बाईनं असं उलट बोलणं त्या दिवसांत साधी गोष्ट नव्हती. आबांचा रागानं फुललेला चेहरा हळूहळू उतरला. मग अंगणातल्या दगडावर मटकन बसले आणि म्हणाले, "चुकलं. खरंच चुकलं माझं, आक्का."

सोजराची आक्का झाली ती तिथं, त्या दगडावर. आईनं चहा टाकला. आबा तो आमच्या कपातून प्यायले. चहा निवायच्या आधी ती बातमी वरच्या आळीला पोचली आणि आबांच्या घरात आठ दिवस धुसफूस झाली असं म्हणतात. आबांना त्याची फिकीर नव्हती. त्यांना एक नवीनच गोष्ट सापडली होती आणि ती सापडल्याचा आनंद त्यांना आयुष्यभर पुरला.

ती गोष्ट म्हणजे दार. त्यानंतरच्या प्रत्येक निवडणुकीत आबा दारोदार गेले. चप्पल बाहेर काढायची, नावानं हाक मारायची, घरातलं प्रत्येक मत वेगवेगळं मागायचं. "मागितल्याबिगर मत नसतंय," हे त्यांचं पालुपद. पुढच्या वेळी ग्रामपंचायतीत निवडून आले आणि सरपंच झाले. मग पंचायत समिती, मग जिल्हा परिषद. परिषदेच्या निवडणुकीत मी कॅमेरा घेऊन त्यांच्या मागं असायचो. एका गावात एक गडी ओट्यावरून मोठ्या तोऱ्यात म्हणाला, "आबा, निघा बिनघोर. आमच्या घरातली चारी मतं तुमालाच."

आबा हलेनात. "तुमचं एक आलं, उपकार झाले. बाकी तिघी कुठं हायत?"

"त्या रानात गेल्यात. आमी सांगू तेच करत्यात की त्या."

"मग रानात जातो," म्हणाले आणि खरोखर निघाले. भर दुपारी, ढेकळं तुडवत! आम्ही सगळे मागं. बांधाच्या पलीकडं तिघी खुरपत होत्या: सासू, सून आणि सासूची थोरली जाऊ. आबांनी नमस्कार घातला, तिघींना वेगवेगळं विचारलं. सून पदराआड हसत म्हणाली, "आमाला पैल्यांदाच कुणी इचारलं बगा." सासूबाईंनी मात्र स्पष्ट सांगितलं, मी दुसऱ्याला देणार आहे. आबा खूश! परतीच्या वाटेवर माझ्या पाठीवर धपाटा घालून म्हणाले, "बगितलंस? नवरा चार म्हनत हुता. घरात दोन-दोन पक्ष हायत, आन त्याला पत्ता न्हाय!"

हे सगळं ज्या बाईनं शिकवलं, तिचं मत मात्र त्यांना मिळेना. ते तिच्याही दारात यायचे, हात जोडून मागायचे. आई म्हणायची, "बघू." आणि निकालानंतरच्या सकाळी कारण सांगायची. सरपंच झाल्यावर सांगितलं, हापसा वरच्या अंगाला बसवला, आमच्या बाया अजून चढ चढतात. महिन्याभरात खाली दुसरा हापसा आला. जिल्हा परिषदेच्या वेळी म्हणाली, शाळेला भिंत बांधली, पण पोरींना आडोसा नाही, सातवीनंतर पोरी घरी बसतात. आबांनी आमच्या शाळेचं काम तर केलंच, पण गटातल्या सगळ्या शाळा फिरून बघितल्या. ह्याच सवयीनं त्यांची मतं वाढत गेली असं मला वाटतं. एका माणसाच्या तक्रारीवरून ते शंभर गावांत काय चुकलं असेल ते ओळखायचे. मला म्हणायचे, "कलेक्टर वर्साला बदलतो. माझं काम तपासणारा कायमचा साहेब एकच, तुझी आई."

आमदारकीची मोजणी मी जन्मात विसरणार नाही. आबा अपक्ष, निशाणी शिट्टी. कचेरीबाहेर माणसांचा समुद्र, प्रत्येकाच्या तोंडात शिट्टी, पोलिसांची शिट्टी कुठली आणि आमची कुठली तेच कळेना. पहिल्या फेऱ्यांत आबा मागं. लोकांचे चेहरे पडले, शिट्ट्या थांबल्या. आणि आबा कुठं? लिंबाच्या सावलीत बसून शेंगा खात होते! शेजारी गोणपाटात गुंडाळलेला मोठा गठ्ठा. तेरखेड्याच्या फटाक्यांची माळ. मोजणीच्या आदल्या दिवशी स्वतः तेरखेड्याला जाऊन माळ आणायची ही त्यांची पद्धत. मी म्हणालो, "आबा, निकालाच्या आधी माळ आणू नये. अपशकुन असतो."

"कसला अपशकुन? जितलो तर माझ्या दारात वाजवायची. हारलो तर जितलेल्याच्या दारात न्हिऊन वाजवायची. येवढ्या लोकांनी उन्हात उभं राहून मतं दिली, फटाकं तर वाजलंच पायजेत!"

मग वाशी तालुक्याकडच्या पेट्या फुटल्या. आतून एक जण दोन्ही हात वर करून धावत आला. आबा पुढं! पुढच्या फेरीला अजून पुढं! एका क्षणात सगळ्या शिट्ट्या एकदम सुरू झाल्या. मी कॅमेरा डोक्यावर धरून बटण दाबत सुटलो, काय येतंय काय नाही बघतो कोण! त्या रिळात निम्मे फोटो नुसत्या आभाळाचे निघाले. माणसं आबांना उचलायला धावली, तर हा गृहस्थ ओंजळीतल्या शेंगा आधी खिशात भरतोय, सांडू नयेत म्हणून. तो फोटो मात्र मिळालाय.

दुसऱ्या दिवशी गुलाल न पुसता आमच्या दारात हजर. आईनं चहा दिला आणि म्हणाली, "न्हाय दिलं. या खेपंला तुमी आलाच न्हाय मागायला, धाकट्या भावाला धाडलं." आबांनी जीभ चावली. मतदारसंघ मोठा झाला होता, आमची वस्ती भावाच्या वाट्याला टाकली होती. खासदारकीला पक्षाचं तिकीट मिळालं. या वेळी भावाला पाठवलं नाही, स्वतः आले, पण बारा गाड्या घेऊन आले. ऐन उन्हाळा. आईनं अंगणात कुरडया वाळत घातलेल्या. गाड्यांचा फुफाटा उडाला आणि सगळ्या कुरडया मातीत. निकालानंतरच्या सकाळी चहा झाल्यावर तिनं हारवाल्यांसमोर सांगितलं, "कुरडया खराब केल्या माझ्या. मत कशाचं मागता?" आबा पोट धरून हसले, पण त्या दिवसापासून त्यांच्या गाड्या कुठल्याही वस्तीबाहेर थांबायला लागल्या. दिल्लीहून पहिल्यांदा आले तेव्हा आईसाठी कुरडयांवर झाकायला मलमलीचं पांढरं कापड आणलं होतं. अजून घरात आहे.

मग शेवटची निवडणूक, पुन्हा खासदारकीचीच. पक्षानं तिकीट दुसऱ्याला दिलं. सत्तरीला आलेले आबा म्हणाले, उभा राहणार. घरच्यांनी समजावलं, कार्यकर्ते एकेक करून दुसरीकडं गेले, ज्यांना त्यांनी बोट धरून राजकारणात आणलं ते फोन उचलेनात. आणि एका सकाळी आबा माझ्या स्टुडिओत आले. एस.टी.नं, एकटे. आरशासमोर उभं राहून केसांना पाणी लावलं. खुर्चीत बसून डोळे वटारले, पण पापण्या जड झाल्या होत्या.

"उघडं हायत का रं?"

"हायत, आबा."

मी कॅमेऱ्यामागं होतो, म्हणून निभावलं.

तिथून मी त्यांना मोटारसायकलवर गावाला नेलं. वस्तीबाहेर उतरले, चालत आमच्या अंगणात आले आणि चप्पल काढली. आईला तेव्हा पंचाऐंशी उलटून गेली होती. कानांनी कमी ऐकायची, नजर मात्र तीच. आबा म्हणाले, "आक्का, मत मागायला आलोय."

आईनं त्यांच्या मागं बघितलं. मागं कुणी नव्हतं. "बघू," म्हणाली.

त्या वर्षी म्हाताऱ्या माणसांना घरबसल्या मत देता येत होतं. मतदार यादीचं काम बघणाऱ्या गावातल्या बाई अर्ज भरून घ्यायला आल्या, तर आईनं त्यांना चहा पाजून परत पाठवलं. "माजं पाय हायत अजून," म्हणाली. मतदानाच्या दिवशी काठी टेकत शाळेपर्यंत गेली. ऊन असं की डांबर चपलेला चिकटत होतं. रस्त्यात चार ठिकाणी बसली. परतीला मी विचारलं, "कुणाला दिलंस?"

"तू कोण इचारनारा?" बोटावरच्या शाईवर फुंकर मारत म्हणाली.

धाराशिवला मोजणी झाली. पहिल्या फेरीपासून आबा मागं आणि प्रत्येक फेरीला अजून मागं. तेरखेड्याची माळ या वेळीही आणली होती. निकाल जाहीर झाला तसे उठले, जिंकलेल्याच्या कचेरीसमोर गेले आणि गर्दीत शिरून स्वतः माळ पेटवली. लोक चाट पडले. पण माळ सगळी नव्हती. निम्मी तोडून ठेवलेली मी पाहिली होती, आणि का ते मला कळलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मुद्दाम कॅमेरा घेऊन गावात होतो. येतील का? हरल्यावर येतील का? पहिल्या वेळी हरले होते तेव्हा भांडायला आले होते. आई पहाटेपासून चुलीशी. दूध दोनदा तापवलं. नऊ वाजले आणि वस्तीच्या तोंडाला पांढरा शर्ट दिसला. चाल आता संथ होती. हातात गोणपाटाची लहानशी गुंडाळी. येऊन त्याच दगडावर बसले. चहा घेतला, सावकाश प्यायले, कप खाली ठेवला.

"काय चुकलं, आक्का? सांगून टाका. म्हंजे ही अर्धी माळ तुमच्या दारात वाजवतो आन सुटतो. माझ्यावर जितलेलं एक मानूस ह्या बी घरात हाय."

आई म्हणाली, "यंदा दिलं."

आबांना वाटलं, आपल्याला नीट ऐकू आलं नाही. "आं?"

"दिलं म्हनते न्हवं! तुमाला दिलं."

"का? आँ? का म्हून?"

"यंदा तुमच्या मागं कुणी नव्हतं. येकल्यानं येऊन मागितलं तुमी. गर्दीला बगून म्या कवा मत देत नसते."

आबा उठले. बसले. पुन्हा उठले. त्यांना हात कुठं ठेवावेत ते कळेना. टॉवेलनं तोंड पुसलं, मग एकदम मांडीवर अशी थाप मारली की शेजारची शेळी बिथरली. "ए, काडीपेटी आण! आण लौकर!" मला ओरडले. गोणपाट सोडलं, माळ अंगणात पसरली आणि सत्तर वर्षांचा तो माणूस वात पेटवून पोरासारखा मागं पळाला. काय आवाज झाला! आईनं कान न झाकता दारात उभं राहून सगळी माळ बघितली.

मी त्याच वेळी फोटो काढला. आबांचे दोन्ही हात वर आहेत, मागं धूर आहे आणि हसून हसून डोळे गच्च मिटलेत. बॅनरसाठी मी हाच फोटो दिला होता. लोक म्हणाले, नको, डोळे मिटलेत.

माळेच्या आवाजानं सगळी वस्ती धावत बाहेर आली. निकाल तर कालच लागला होता, मग आता फटाके कशाचे? धुरातून कुणीतरी विचारलं, "आता कोण आलं निवडून?"

आबा छातीवर हात मारून ओरडले, "म्या!"